शांततेचा सत्कार कुणाचा?

(जळगाव येथे डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या युवक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे : राजकीय नेत्याला शांततेचं नोबेल द्यावं का? माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे आंतरराष्ट्रीय राजकारणाचा जाणकार म्हणून मी बोलणार नाही. पण गेले सहा महिने आपल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद चालला आहे. डोनाल्ड ट्रम्प यांना नोबेल मिळायला हवं होतं की नको? कुणी म्हणतं, त्यांनी गाझातलं युद्ध थांबवलं. कुणी म्हणतं, बॉम्ब कुणी पुरवले होते? कुणी भारत-पाकिस्तान काढतं, मग ग्रुपचा अॅडमिन मेसेज बंद करतो. हा वाद नीट घालायचा तर आधी मोजमाप ठरवावं लागेल. आज मी ते मोजमाप शोधणार आहे, आणि शेवटी ते आपल्या धुळ्या-जळगावला लावून बघणार आहे.

आधी थोडी माहिती, कारण निम्मे वाद माहिती नसल्यामुळेच होतात.

आल्फ्रेड नोबेलनं १८९५ साली मृत्युपत्र केलं. शांततेचा पुरस्कार कुणाला द्यायचा, हे त्यात लिहून ठेवलं आहे. राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढवणं, खडी सैन्यं कमी करणं किंवा मोडीत काढणं, आणि शांतता परिषदा भरवणं, यासाठी ज्यानं सगळ्यांत जास्त काम केलं त्याला. बाकीची नोबेल स्वीडनमध्ये ठरतात, हे एकच नॉर्वेत ठरतं. नॉर्वेच्या संसदेनं नेमलेली पाच जणांची समिती ते ठरवते. एकदा दिलेला पुरस्कार परत घेता येत नाही, अशी नियमांतच तरतूद आहे.

आता ‘नामांकन’ या शब्दाबद्दल. अमुक नेत्याचं नोबेलसाठी नामांकन झालं, अशी बातमी आली की आपल्याकडे फटाके वाजायचेच बाकी असतात. नामांकन कोण करू शकतं? कुठल्याही देशाच्या राष्ट्रीय संसदेचा सदस्य करू शकतो. म्हणजे जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या आपल्या चारही खासदारांना तो अधिकार आहे. इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान, सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या प्राध्यापकांनाही आहे. २०२५ साली ३३८ नामांकनं होती. १९३५ मध्ये मुसोलिनीचं नाव गेलं होतं. १९३९ मध्ये एका स्वीडिश खासदारानं उपहास म्हणून हिटलरचं नाव पाठवलं आणि नंतर मागे घेतलं. तेव्हा नामांकन म्हणजे फक्त अर्ज. अर्ज भरला म्हणून कुणी पास होत नाही.

ट्रम्प यांच्याकडे येण्याआधी मी तुम्हाला इथून जवळच घेऊन जातो, फैजपूरला.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एखाद्या खेड्यात भरलं, ते आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपुरात. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते राबत होते, सानेगुरुजी खान्देशातली गावं पायी पालथी घालत होते. नंदलाल बोस यांनी बांबूपासून मंडप सजवले. आणि गांधीजी आले होते. त्या गर्दीत शेतकरी होते, विणकर होते, आपले आजोबा-पणजोबाही असतील. शेतसारा आणि खंड कमी करण्याचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. या डिसेंबरात त्याला ८९ वर्षं होत आहेत.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ साली, नॉर्वेचे एक खासदार ओले कोल्बयोर्नसेन यांनी गांधीजींचं नाव शांततेच्या नोबेलसाठी पहिल्यांदा सुचवलं. समितीच्या सल्लागारानं, प्राध्यापक वोर्म-म्युलर यांनी, अहवाल लिहिला. माणूस थोर आणि निर्मळ आहे हे त्यांनी मान्य केलं. पण शंकाही काढल्या. हा कधी संत वाटतो तर कधी साधा राजकारणी. याची चळवळ हिंसक वळण घेऊ शकते हे चौरीचौरात दिसलं आहे. दक्षिण आफ्रिकेत तो भारतीयांसाठीच लढला, त्याहून वाईट हाल सोसणाऱ्या काळ्या लोकांसाठी नाही. हे आक्षेप वाचून चिडू नका. त्यातले काही आजही विचारण्यासारखे आहेत. आपल्या महाराष्ट्रात बाबासाहेबांनी गांधीजींना याहून कडक प्रश्न विचारले आहेत. नेता मोठा असला की त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम आपण कुठेच मान्य करायचा नाही.

१९३८ आणि १९३९ मध्ये पुन्हा नाव गेलं, मिळालं नाही. मग १९४७. या वेळी भारतातून तारा गेल्या. तार करणारे तिघं होते : मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर, गणेश वासुदेव मावळणकर आणि गोविंद वल्लभ पंत. यातले खेर आणि मावळणकर आपल्या मराठी माणसांत मोडतात, दोघांचंही मूळ रत्नागिरीकडचं.

त्या शरद ऋतूत ओस्लोत समिती बसली तेव्हा पाचांपैकी दोघे गांधीजींच्या बाजूनं होते. विरोधात काय आलं? ‘द टाइम्स’मधली एक बातमी. गांधीजी प्रार्थनासभेत म्हणाले होते की, पाकिस्तान आपली सिद्ध झालेली चूक मानायलाच तयार नसेल आणि न्यायाचा दुसरा मार्ग उरला नसेल, तर भारत सरकारला युद्ध करावं लागेल. लष्कर आणि आरमार हवं असलेल्या नव्या व्यवस्थेत आपल्याला स्वतःला जागा नाही, असंही ते त्याच भाषणात म्हणाले होते. पण मथळा झाला तो युद्धाचा. समितीच्या अध्यक्षांचं मत पडलं की हा माणूस आधी देशभक्त आहे, नंतर शांतिदूत. पुरस्कार क्वेकर संस्थांना गेला.

आता त्याच दोन महिन्यांत हा माणूस प्रत्यक्षात काय करत होता ते बघा. ऑगस्ट १९४७ मध्ये ते कलकत्त्यात, बेलियाघाट्याच्या हैदरी मंझिल नावाच्या पडक्या घरात, सुहरावर्दींना सोबत घेऊन राहिले. आसपास मुस्लिम वस्ती उजाड झालेली. १ सप्टेंबरला दंगल पुन्हा पेटली, त्यांनी उपास सुरू केला, ४ तारखेला शहरातले पुढारी लेखी हमी घेऊन आले आणि शहर शांत झालं. पंजाबात सैन्य असूनही कत्तली थांबत नव्हत्या. बंगालात एका म्हाताऱ्या माणसाच्या उपासानं जे झालं त्याची दखल माउंटबॅटननाही घ्यावी लागली. ओस्लोतल्या टेबलावर मात्र वर्तमानपत्राचं कात्रण जास्त वजनदार ठरलं.

नंतर दिल्ली. १३ जानेवारी १९४८ ला त्यांनी शेवटचा उपास सुरू केला. त्यांच्या अटी काय होत्या, हे आपल्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असतं. मेहरौलीच्या ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याचा उरूस निर्धास्तपणे भरू द्यावा. बळकावलेल्या मशिदी परत द्याव्यात. मुसलमानांना जुन्या दिल्लीत आणि रेल्वेत भीती न बाळगता फिरता यावं. त्यांच्यावरचा आर्थिक बहिष्कार उठवावा. घरं गमावून आलेल्या निर्वासित हिंदू-शिखांच्या संतापासमोर बसून ते हे मागत होते, आणि बाहेर त्यांच्या विरोधात घोषणा चालू होत्या. १८ जानेवारीला सर्व पक्षांच्या आणि संघटनांच्या लोकांनी हमीपत्रावर सह्या केल्या. २७ जानेवारीला ते स्वतः मेहरौलीच्या दर्ग्यात गेले. ३० जानेवारीला त्यांना गोळ्या घातल्या.

गोळ्या घालणारा आपल्या मराठी मुलखातला होता. आणि त्या खुनानंतर ज्यानं २१ दिवस उपास केला तो माणूसही मराठी होता, आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेले सानेगुरुजी. ‘इस्लामी संस्कृती’ नावाचं पुस्तक मराठीत लिहिणारे सानेगुरुजी. एकाच भाषेत दोन्ही वाटा होत्या, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

१९४८ साली गांधीजींसाठी सहा नामांकनं आली होती. समितीनं त्या वर्षी कुणालाच पुरस्कार दिला नाही. योग्य असा हयात उमेदवार नाही, असं कारण दिलं. पुढे अनेक वर्षांनी नोबेल समितीच्या मंडळींनी स्वतःच ही मोठी उणीव असल्याचं सांगितलं.

या हकिकतीतून मला मोजमापाची पहिली खूण मिळते. शांततेसाठी नेत्यानं आपल्याच माणसांना न आवडणारं काय सांगितलं? शत्रूला दम देणं सोपं आहे. आपल्या गर्दीसमोर उभं राहून, तिच्याच डोळ्यांत बघून, ‘हे चुकतंय’ म्हणणं अवघड आहे. त्याची किंमत द्यावी लागते. इजिप्तचे अन्वर सादात १९७७ मध्ये जेरुसलेमला गेले, १९७८ मध्ये त्यांना मेनाखेम बेगिन यांच्यासोबत नोबेल मिळालं, अरब लीगनं इजिप्तला बाहेर काढलं, आणि १९८१ मध्ये त्यांच्याच सैनिकांनी त्यांना मारलं. इस्रायलचे यित्झाक राबिन यांना १९९४ मध्ये यासर अराफात आणि शिमोन पेरेस यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९९५ मध्ये त्यांचा खून झाला, तोही त्यांच्याच देशातल्या, त्यांच्याच धर्माच्या तरुणाकडून.

आपल्याला याचं उदाहरण बाहेर शोधायची गरजच नाही. हिजरी सन ६ मधला हुदैबियाचा करार आठवा. मदरशात, शाळेत, घरात आपण सगळ्यांनी तो ऐकला आहे. समोरच्या पक्षानं ‘अल्लाहचे प्रेषित’ हे शब्द करारात नको म्हटले, ते शब्द काढले गेले. उमरा न करता त्या वर्षी परत जायचं ठरलं. हजरत उमर यांच्यासारख्या जवळच्या माणसालाही ते पटेना, त्यांनी तसं विचारलंही. तरी दहा वर्षांच्या युद्धबंदीचा तो करार प्रेषितांनी (स.) मान्य केला. आपल्या बाजूच्या लोकांचा मान दुखावत असतानाही रक्तपात टाळणं, हे आपल्या परंपरेत कमजोरी समजलं गेलेलं नाही.

दुसरी खूण : करार झाला तेव्हा सगळ्यांत दुबळा माणूस टेबलावर होता का? सादात-बेगिन करारानं इजिप्त आणि इस्रायल यांच्यातलं युद्ध थांबलं, ते आजतागायत थांबलेलं आहे. ही छोटी गोष्ट नाही. पण पॅलेस्टिनी त्या टेबलावर नव्हते आणि त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. २०२० च्या अब्राहम करारांचंही तेच. संयुक्त अरब अमिरात आणि इस्रायल एकमेकांशी लढतच नव्हते. लढाई जिथे होती, तिथला माणूस पुन्हा दाराबाहेर राहिला.

तिसरी खूण वेळेची. आमच्या धंद्यात नवी सिस्टीम चालू केली त्या दिवशी केक कापतात, फोटो काढतात. ती बरी आहे की वाईट, हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. सहा महिन्यांनी, रात्री तीन वाजता, सगळ्यांत जास्त गर्दी असताना ती पडते की टिकते, त्यावरून कळतं. नोबेल समितीनं बऱ्याचदा केक कापायच्या दिवशीच निकाल लावला आहे.

१९७३ मध्ये व्हिएतनामच्या युद्धबंदीसाठी हेन्री किसिंजर आणि ले डक थो यांना पुरस्कार जाहीर झाला. ले डक थो यांनी तो नाकारला, कारण शांतता आलेलीच नव्हती. समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. युद्ध १९७५ पर्यंत चाललं. २००९ मध्ये बराक ओबामांना राष्ट्राध्यक्ष होऊन वर्षही झालं नव्हतं. १ डिसेंबरला त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि १० डिसेंबरला शांततेचं पदक स्वीकारलं. २०१९ मध्ये इथिओपियाच्या अबी अहमद यांना एरिट्रियाशी समेट केल्याबद्दल पुरस्कार मिळाला. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांच्याच देशात तिग्राईचं युद्ध सुरू झालं, आणि एरिट्रियाचं सैन्यही त्यात उतरलं.

आणि आंग सान सू ची. १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा त्या नजरकैदेत होत्या आणि तो पुरस्कार अगदी योग्य होता. २०१९ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गांबिया या छोट्या देशानं रोहिंग्यांवरच्या अत्याचारांचा खटला उभा केला, तेव्हा म्यानमारच्या बाजूनं बोलायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. पुरस्कार परत घेता येत नाही, हा नियम तेव्हा जगाला फार बोचला. पदक माणसाला मिळतं, पण माणूस पदकाला बांधलेला नसतो.

आता ट्रम्प. मी तुमच्या टाळ्यांसाठी बोलणार नाही. मोजमाप लावतो.

पहिल्यांदा जमेची बाजू. १० ऑक्टोबर २०२५ ला गाझात युद्धबंदी लागू झाली. ओलीस सुटले, कैदी सुटले, बॉम्बवर्षाव थोडा तरी थांबला. ज्या आईचं मूल त्या रात्री वाचलं, तिला युद्धबंदी कुणी केली याच्याशी देणंघेणं नाही. ऑगस्टमध्ये अर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या नेत्यांनी व्हाइट हाउसमध्ये एकत्र बसून शांततेच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, हेही चांगलंच झालं. एखादा माणूस आपल्याला आवडत नाही, म्हणून त्याच्या हातून वाचलेले जीव मोजायचे नाहीत, असं करू नका. ते बेइमानी ठरेल.

आता दुसरी बाजू. गाझावर जे पडत होतं त्यातला मोठा भाग अमेरिकेतून येत होता, आधीच्या सरकारच्या काळात आणि या सरकारच्या काळातही. नळ ज्याच्या हातात होता त्यानं तो उशिरानं थोडा आवळला, तर त्याचे आभार माना, पण पूर आधी कुठून आला हे विसरू नका. युद्धबंदीनंतरही गाझात माणसं मरत राहिली आहेत. ऑक्टोबरात क्वालालंपूरला ट्रम्प यांच्या साक्षीनं थायलंड आणि कंबोडिया यांनी सह्या केल्या. या महिन्यात तिथे पुन्हा तोफा चालू झाल्या. जूनमध्ये पाकिस्तान सरकारनं नोबेलसाठी ट्रम्प यांची शिफारस जाहीर केली, आणि दोन दिवसांच्या आत अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. पाकिस्तानला त्याचा निषेध करावा लागला. जुलैत नेतान्याहूंनी नामांकनाचं पत्र ट्रम्प यांच्या हातात दिलं. ज्या नेत्याच्या नावे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट आहे, त्यानं शांततेच्या पुरस्काराची शिफारस करावी, यावर मी वेगळं काही बोलत नाही. शिवाय २०२५ च्या पुरस्कारासाठीची मुदत ३१ जानेवारीलाच संपली होती. शेवटी पुरस्कार व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना जाहीर झाला, त्यावरही जगभर वाद झालेच.

भारत-पाकिस्तानचं काय? १० मे २०२५ ची शस्त्रसंधी आपण घडवली, असं ट्रम्प वारंवार सांगतात. दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांनी थेट बोलून ती ठरवली, मध्यस्थी कुणाचीही नव्हती, असं भारत सरकार सांगतं. यावर आपण भांडण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारू : त्या चार दिवसांनंतर सीमेवरच्या माणसाची झोप आधीपेक्षा निर्धास्त झाली का? पुन्हा भडका उडू नये म्हणून कुठली यंत्रणा उभी राहिली? फोनवर लढाई थांबते. शांतता त्यानंतर बांधावी लागते.

तेव्हा माझं उत्तर : नाही, आज तरी नाही. आपल्या बाजूच्या लोकांना नको असलेलं सांगण्याची किंमत त्यांनी दिलेली दिसत नाही, दुबळा पक्ष टेबलावर बरोबरीनं बसलेला दिसत नाही, आणि वेळेची परीक्षा अजून व्हायची आहे. दहा वर्षांनी गाझातल्या मुलांच्या शाळा चालू असतील आणि त्यांच्या डोक्यावर त्यांच्या स्वतःच्या देशाचा झेंडा असेल, तर मी इथे येऊन आनंदानं वेगळं उत्तर देईन. आणखी एक. ज्या पुरस्कारासाठी माणूस स्वतःच रोज मागणी करतो, तो त्याला मिळाला तरी त्याचा सत्कार होतो, सन्मान होत नाही.

इथपर्यंत सगळं दूरचं होतं. आता जवळचं बोलतो.

आपल्याकडे नोबेल समिती नाही, पण शांतता समिती आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याची. गणेशोत्सव, ईद, मोहरम, रामनवमी आली की बैठक होते. चहा होतो, भाषणं होतात, ‘आपल्या शहराची गंगा-जमनी तहजीब’ हा शब्द तीनदा येतो. मिरवणूक शांततेत गेली की सत्कार होतो. शाल-श्रीफळ कुणाला? जो स्टेजजवळ होता त्याला. ओस्लोची समिती आणि आपली समिती एकाच ठिकाणी अडखळतात. दोघींना फोटोतला माणूस आधी दिसतो.

आपल्या जिल्ह्यांना हा प्रश्न परवडण्यासारखा नाही. १९७० च्या मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ हे जळगाव पेटलं. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या नोंदीप्रमाणे इथे ४३ माणसं मेली, त्यातली ४२ मुस्लिम होती. २००८ च्या ऑक्टोबरात धुळं जळलं. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यातच एका हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालेलं भांडण इतकं वाढलं की पोलीस गोळीबारात सहा तरुण गेले. हॉटेलचं बिल, मित्रांनो. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जामनेरमध्ये विशीतल्या एका मुस्लिम मुलाला जमावानं मारहाण करून ठार केलं. त्या गर्दीत एक माणूस जरी मध्ये पडला असता आणि त्याचं ऐकलं गेलं असतं, तर तो मुलगा आज तुमच्यासारखाच कुठल्या तरी परीक्षेचा फॉर्म भरत असता. अशा एका माणसाची किंमत कुठल्याही पदकापेक्षा जास्त आहे.

तो माणूस तयार कसा होतो? याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडतं. १९७० आणि १९८४ अशा दोनदा होरपळलेल्या भिवंडीत १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं घेतली. हिंदू-मुस्लिम दोन्ही, यंत्रमाग चालवणारे, दुकानदार, आणि त्या भागाचा हवालदार. दंगल नसतानाही ती भेटत राहिली आणि छोटी भांडणं छोटी असतानाच मिटवत राहिली. १९९२-९३ मध्ये जवळची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

आणि नोबेलच्या यादीतही असं एक उदाहरण आहे. २०१५ चा पुरस्कार ट्युनिशियातल्या चार संघटनांना एकत्र मिळाला : कामगारांची संघटना, मालकांची संघटना, मानवी हक्कांची संघटना आणि वकिलांची संघटना. देश यादवी युद्धाच्या काठावर असताना या चौघांनी भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलावर बसवलं. हा मुस्लिम बहुसंख्य देश आहे. पुढे २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी संसद स्थगित केली आणि बरीच कमाई वाया गेली, हेही सांगितलं पाहिजे. शांतता एकदा बांधून कुलूप लावून ठेवता येत नाही. तरीही मला ती चार नावं आपल्या जवळची वाटतात. धुळ्यात यंत्रमाग कामगार आहेत, मालक आहेत, वकील आहेत. रावेर-फैजपूरकडे केळीचे शेतकरी, व्यापारी, ट्रकवाले आहेत. संचारबंदी लागली की केळी कुणाची जात विचारून सडत नाहीत. ज्यांचं रोजचं काम एकमेकांवर चालतं, त्यांना शांततेत खरा रस असतो. त्यांना एकत्र बसवायचं काम कुठला नेता येऊन करणार नाही.

म्हणून मी तुमच्याकडे तीन कामं मागतो.

पहिलं. आपल्या नेत्यांना ती खूण लावा, आणि सुरुवात आपल्या समाजातल्या नेत्यांपासून करा. समोरच्यांना शिव्या देणाऱ्या भाषणाला आपण किती टाळ्या देतो, आणि आपल्याच पोरांना ‘दगड खाली टाक’ म्हणणाऱ्या माणसाला किती देतो? ज्यानं कधीच आपल्याला कडू सांगितलं नाही, त्याला शांततेचा नेता म्हणू नका, मग तो आमदार असो, मौलाना असो की इन्स्टाग्रामवरचा भाई. हेच मोजमाप हिंदू मित्रांनीही त्यांच्या नेत्यांना लावावं, असं त्यांना सांगायचा हक्क त्यानंतर आपल्याला मिळतो.

दुसरं. आपल्या वॉर्डात दहा माणसांची यादी करा, पाच इकडची, पाच तिकडची. त्यात दोन-तीन बायका हव्यातच, कारण गल्लीत काय शिजतंय हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं. सण नसताना भेटा. गटार, पाणी, शाळेचे दाखले, यावर बोला. ज्याच्याबरोबर तुम्ही नगरपालिकेत अर्ज घेऊन उभे राहिला आहात, त्याला वाईट रात्री फोन करणं सोपं जातं. अनोळखी माणसाला त्या रात्री कुणी फोन करत नाही.

तिसरं माझ्या धंद्यातलं आहे. भडकाऊ व्हिडिओ आला की पुढे पाठवू नका. आधी बघा : जागा कुठली, तारीख कधीची, पाटी कुठल्या भाषेत आहे, गाडीची नंबर प्लेट कुठल्या राज्याची आहे? जुना किंवा परगावचा निघाला, तर ज्या ग्रुपवर आला तिथेच, शिवीगाळ न करता, तसं लिहा. खरा निघाला तर तो ग्रुपवर न टाकता त्या दहा जणांना आणि पोलीस ठाण्याला कळवा. खोटा मेसेज थांबवल्याचा फोटो निघत नाही, पण थांबलेला असतो.

सॉफ्टवेअरमध्ये काही माणसांचं काम एवढंच असतं की काही घडू नये. ती चांगलं काम करतात तेव्हा सकाळच्या अहवालात एकच ओळ असते : रात्रभरात काही झालं नाही. त्यांना बक्षीस मिळत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा हिशेब कसा द्यायचा? पुढच्या वर्षी आपल्या शहरातली मिरवणूक मशिदीवरून पुढे गेली आणि काही झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी शोधा की ते कुणामुळे झालं नाही. एखादा पानटपरीवाला असेल, एखादी अंगणवाडीताई असेल, एखादा हवालदार असेल. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, हात मिळवा. शाल न्यायलाच हवी असं नाही.

ओस्लोची समिती पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा एक नाव जाहीर करेल, आणि आपण पुन्हा वाद घालू. जरूर घालू. पण आपल्या वॉर्डाची यादी त्याआधी झालेली असू दे.